लाटेला पट्टी लावताना: नववीच्या तरंगलांबी प्रकल्पाच्या नोंदी, नाशिक

१ डिसेंबर

विज्ञान मंडळाचा यंदाचा प्रकल्प ठरला: तरंगलांबी. नववीची मुलं आहेत, सूत्र सगळ्यांना पाठ आहे. वेग बरोबर वारंवारता गुणिले तरंगलांबी. नागमोडी रेघ आणि दोन शृंगांमधला, म्हणजे लाटेच्या लगतच्या दोन माथ्यांमधला बाणही कोणीही काढून दाखवतं. पण मधल्या सुट्टीची घंटा वाजते तेव्हा तिचा एक तरंग केवढा असतो, बोटाएवढा, हाताएवढा की वर्गाएवढा, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. लांबी ही लांबीसारखी दिसायला हवी. ती दिसत नाही तोवर सूत्र नुसतं परीक्षेपुरतं राहतं आणि मला तेच नको आहे.

आखणी अशी. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात दोन-दोन फुटांच्या फरश्या आहेत. भिंतीला कागदाची लांब पट्टी लावायची आणि एक फरशी म्हणजे दहापट असं प्रमाण धरायचं. डाव्या टोकाला क्ष-किरण, म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. तिथून १७ फरश्या उजवीकडे गेलं की दहा हजार किलोमीटर. ३४ फुटांत सगळं मावतं.

प्रत्येक तरंगापुढे तीन रकाने: त्याची लांबी, तेवढ्याच मापाची ओळखीची वस्तू, आणि तो तरंग कशाला अडतो व कशाला वळसा घालतो. तिसरा रकाना माझ्या आग्रहाचा आहे. लाट तिच्या लांबीपेक्षा बऱ्याच लहान वस्तूला फारशी जुमानत नाही आणि मोठ्या वस्तूपुढे मात्र अडते किंवा परत फिरते. सगळा प्रकल्प या एका गोष्टीभोवती उभा राहावा असं मनात आहे. स्वतः मोजलेला आकडा निळ्या शाईत, वाचून घेतलेला काळ्या शाईत.

६ डिसेंबर

सुरुवात आवाजापासून. बादलीभर पाणी, त्यात उभा धरलेला पीव्हीसी पाइप आणि ५१२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५१२ कंप करणारा नादकाटा. नादकाटा रबरावर आपटून पाइपच्या तोंडाशी धरायचा आणि पाइप हळूहळू वर उचलत जायचा. एका ठिकाणी आवाज एकदम भरून येतो. पाण्यावरची पाइपची लांबी तेव्हा १६.० सेंटिमीटर भरली. आणखी उचलत गेल्यावर पुन्हा एकदा भरला, तो ४९.७ वर.

पहिलं माप पाव तरंगाचं, पण पाइपच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही सोबत हलत असते, त्यामुळे ते जरा तोकडं येतं. दोन मापांची वजाबाकी केली की ही अडचण आपोआप निघून जाते. फरक ३३.७ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा तरंग. पूर्ण तरंग ६७.४ सेंटिमीटर. प्रयोगशाळेत तापमान २६ अंश होतं, त्या तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४७ मीटर, त्यावरून हिशेब येतो ६७.७. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एकीने चांगला प्रश्न विचारला. नाशिक समुद्रसपाटीपासून बरंच उंच, हवा विरळ, मग इथे आवाज मुंबईपेक्षा हळू जातो का? नाही. दाब कमी झाला तशी घनताही त्याच प्रमाणात कमी होते, आणि वेगात दोन्ही एकमेकांना फेडून टाकतात. उरतं ते तापमान. दर अंशामागे साधारण ०.६ मीटरचा फरक. त्यामुळे थंडीत नाशकात आवाज हळू जातो तो गारव्यामुळे, उंचीमुळे नव्हे.

पट्टीवर पहिली निळी खूण: ६७ सेंटिमीटर. बाजूला वस्तू म्हणून कोणीतरी क्रिकेटची बॅट काढली. बॅट थोडी लांब असते, पण चालेल.

९ डिसेंबर

आज ढोल. गटातले दोघं ढोल पथकात वाजवतात, त्यांनी एक ढोल आणि एक ताशा आणला. मोबाइलवर वारंवारतेचा आलेख दाखवणारं अ‍ॅप लावून आधी दोन्ही वेगवेगळे वाजवून घेतले. ढोलाच्या ठोक्याचं सगळ्यात उंच टोक ९० हर्ट्झच्या आसपास आलं. म्हणजे तरंग जवळजवळ पावणेचार मीटर, वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंतचं अंतर. ताशाच्या तर्रीचा, म्हणजे काड्यांच्या जलद कडकडाटाचा जोर दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात होता. तो तरंग ९ ते १७ सेंटिमीटर, फार तर हाताच्या वितीएवढा.

मग वाजवणारे मैदानावर थांबले आणि बाकीचे इमारतीला वळसा घालून मागच्या भिंतीशी गेले. तिथे ढोल अगदी स्पष्ट ऐकू येत होता. ताशा मात्र मागे पडला, त्याची धारच गेली होती. कोपऱ्यावरून एक पाऊल पुढे टाकलं की ताशा एकदम कानावर आदळायचा. मुलं कोपऱ्याच्या अलीकडे-पलीकडे नाचल्यासारखी ये-जा करत होती.

जुन्या नाशकात राहणाऱ्याला हे नवीन नाही. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा नुसता धडधड ठोका येतो, आणि बोळाच्या तोंडाशी आली की तर्री ऐकू येते. पावणेचार मीटरच्या तरंगाला वाड्याचा कोपरा फार मोठा नाही, तो वळून आत शिरतो. वितीएवढ्या तरंगाला तोच कोपरा डोंगराएवढा, तो सरळ पुढे निघून जातो आणि मागे सावली सोडतो. आवाजालाही सावली असते हे मुलांना आज कानांनी कळलं.

तिसऱ्या रकान्यात खरा मजकूर आला. वटवाघळंही इथेच लिहून टाकली, काळ्या शाईत: ५० हजार हर्ट्झच्या आवाजाचा तरंग सुमारे ७ मिलिमीटर. पतंग, डास पकडायचे तर आवाज त्यांच्यावर आपटून परत यायला हवा, आणि ढोलासारखा लांब तरंग डासाला ओलांडून निघून जाईल. पांडवलेण्यांत संध्याकाळी वटवाघळं पाहिलेल्या मुलांना हे लगेच पटलं.

१४ डिसेंबर

गंगापूर धरणाचं बॅकवॉटर. दुपारनंतर वारा बेताचा होता. पाण्यात कोणी उतरायचं नाही हे आधीच बजावलं होतं. काठाजवळ खुणा केलेला बांबू आडवा धरला आणि वरून फोटो घेतले. शृंगापासून शृंगापर्यंत ५८ ते ६५ सेंटिमीटर. दुसऱ्या गटाने उभ्या काठीवरून जाणारी शृंगं व्हिडिओत मोजली: मिनिटाला ९५ च्या आसपास, म्हणजे एका लाटेला ०.६३ सेकंद.

आता गंमत. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी तिच्या काळावरूनच ठरते. काळाचा वर्ग केला, १.५६ ने गुणला की लांबी मीटरमध्ये. ०.६३ चा वर्ग ०.४०, त्याला १.५६ ने गुणून ६२ सेंटिमीटर. बांबूवरचं माप आणि घड्याळावरचं माप एकाच ठिकाणी येऊन भेटली. मला स्वतःला या प्रकल्पातला हा सगळ्यात आवडलेला निकाल वाटतो, कारण पट्टी न लावता लाटेची लांबी घड्याळाने मोजता येते. कोकणात समुद्रकिनारी उभं राहून मुलांनी दोन लाटांमधला काळ मोजला आणि तो १० सेकंद आला, तर ती लाट खोल समुद्रात १५६ मीटरची होती हे तिथल्या तिथे सांगता येईल. किनाऱ्याशी ती आखडते, कारण पाण्याची खोली लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी झाली की तिला तळ लागायला लागतो.

पाण्याने जड झालेलं झेंडूचं फूल लाटांवर सोडलं. ते जागच्या जागी गोल फिरत राहिलं, लाटा खालून निघून जात होत्या. पुढे जाते ती लाट, पाणी नाही. हे वाक्य पुस्तकात आहेच, पण फूल पाहताना मुलं किती तरी वेळ काही बोलली नाहीत.

२० डिसेंबर

सकाळी गोदाघाट. रामकुंडाच्या खालच्या अंगाला जिथे पाणी पायरीवरून पातळ आणि संथ वाहतं तिथे बसलो. एक बारीक काडी पाण्यात उभी धरायची, इतकंच. पाण्याचा वेग पुरेसा असेल तर काडीच्या वरच्या बाजूला, म्हणजे ज्या दिशेने पाणी येतं तिकडे, अगदी दाट बारीक रेषा उमटतात आणि जागीच उभ्या राहतात. दोन हात पलीकडे पाणी संथ होतं तिथे काडी धरली तर रेघही नाही.

यामागचं कारण सुंदर आहे. पाण्यावरच्या मोठ्या लाटांना खाली ओढतं ते गुरुत्वाकर्षण, बारीक तरंगांना सपाट करतो तो पृष्ठताण. लांब लाटा जितक्या लांब तितक्या वेगवान, बारीक तरंग जितके बारीक तितके वेगवान. मधे कुठेतरी सगळ्यात हळू जाणारा तरंग असतो: लांबी १.७ सेंटिमीटर, वेग सेकंदाला २३ सेंटिमीटर. त्याहून हळू पाण्यावर कुठलाच तरंग चालत नाही. म्हणून प्रवाह २३ सेंटिमीटरच्या आत असेल तर काडीला काही उमटवताच येत नाही, आणि त्याच्या पुढे गेला की रेषा उभ्या राहतात. लॉर्ड केल्विन यांनी १८७१ मध्ये हा हिशेब मांडला तो आपल्या शिडाच्या बोटीवरून, पाण्यात सोडलेल्या मासेमारीच्या दोरीपुढचे तरंग पाहून.

मुलांनी थर्मोकोलचे तुकडे सोडून दोन्ही ठिकाणचा वेग काढला. रेषा होत्या तिथे ३० च्या वर, नव्हत्या तिथे १५ च्या आसपास. काठावर बसलेले एक आजोबा सगळं पाहत होते. म्हणाले, "अख्खं आयुष्य गंगेवर काढलं, पण ह्या रेघा कधी पाहिल्या नव्हत्या." मग त्यांनीही काडी धरून पाहिली. पट्टीवर १.७ सेंटिमीटरला काळी खूण, वस्तू: शर्टाचं बटण. नेहमीच्या बटणापेक्षा जरा मोठं, कोटाचं म्हणू.

२६ डिसेंबर

२००४ मध्ये याच तारखेला हिंदी महासागरात त्सुनामी आली. पट्टीच्या उजव्या बाजूसाठी ती हवीच होती. तिची लांबी शेकडो किलोमीटर आणि समुद्राची खोली साधारण चार किलोमीटर, म्हणजे एवढा मोठा समुद्र तिच्या दृष्टीने उथळ. उथळ पाण्यात वेग फक्त खोलीवर ठरतो: खोली गुणिले गुरुत्वत्वरण, त्याचं वर्गमूळ. चार हजार मीटरला सेकंदाला २०० मीटर, ताशी ७०० किलोमीटरच्या वर. उपग्रहाने त्या दिवशी भर समुद्रात टिपलेली लाटेची उंची मात्र सुमारे ६० सेंटिमीटर होती. एवढी उंची शेकडो किलोमीटरवर पसरलेली, त्यामुळे वरच्या होडीला काहीच जाणवत नाही. गंगापूरच्या लाटेची लांबी आणि या लाटेची उंची जवळजवळ सारखी, हे एका मुलाने दाखवून दिलं आणि पट्टीवर लिहिलंही.

३० डिसेंबर

निफाडहून येणारा मुलगा आज उशिरा आला. पहाटेपासून बागेत होता. पारा उतरला की द्राक्षमणी तडकतात, म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या आणि पहाटे ठिबकने पाणी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं तापमान रोज पेपरात येतं, ते वाचून निफाडची माणसं झोपायचं की नाही ते ठरवतात.

त्याचाच प्रश्न: "मॅडम, थंडीची लाट म्हणतात, तिला लांबी असते का?"

यावर आजचा सगळा तास गेला आणि तो सार्थकी लागला. मुलांनी आधी बोलण्यातल्या लाटा फळ्यावर लिहिल्या: थंडीची लाट, उष्णतेची लाट, करोनाची दुसरी लाट, आनंदाची लहर, लहरी पाऊस, लहर फिरली. प्रत्येकीला विचारायचं: तुझी दोन शृंगं कुठे आहेत, आणि मधलं अंतर मीटरमध्ये आहे की दिवसांत? करोनाच्या लाटेला शृंगं आहेत, पण अंतर महिन्यांचं. तिला काळ आहे, लांबी नाही. लहरी पावसाला दोन्ही नाही, तो यादीतून बाद.

थंडीची लाट मात्र खरोखर लाटेच्या पाठीवरून येते. हवामान खात्याची व्याख्या कोरडी आहे: सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी. पण वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा सरळ वाहत नाही, नागमोडी वाहतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हे त्याच नागमोडीवरचे खळगे. असा एक खळगा उत्तर भारतावरून पुढे सरकला की हिमालयात बर्फ आणि त्यामागून मोकळ्या आकाशात खाली उतरणारी उत्तरेची गार हवा. कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये या प्रचंड लाटांचं गणित मांडलं. मध्य अक्षांशांत पृथ्वीला वळसा घालताना अशा चार-सहा लाटा मावतात. ४५ अंशांवर पृथ्वीचा घेर सुमारे २८,३०० किलोमीटर, पाच लाटा धरल्या तर एक ५,६०० किलोमीटरच्या पुढे. पट्टीच्या अगदी उजव्या फरशीवर निफाडची द्राक्षं आली. तो मुलगा पट्टीवर घड काढत बसला होता.

६ जानेवारी

पापड. शाळेत मायक्रोवेव्ह ओव्हन नाही, म्हणून एका सहकारी शिक्षिकेच्या घरी जमलो. फिरती काच आणि तिच्या खालची चकती काढली, सपाट ताटलीवर उडदाचे पापड कडेला कड लावून ओले करून मांडले आणि ४० सेकंद. बाहेर काढले तर पापड सगळीकडे सारखे भाजलेले नव्हते. फुलून पांढरे झालेले ठिपके आणि मधे कच्चे, पिवळट पट्टे. एका पापडावर ठिपका मधोमध, शेजारच्यावर कडेला. फुललेल्या जागी बोटाने दाबलं की चुरा होत होता, दोन बोटं पलीकडे पापड अजून चामड्यासारखा वाकत होता.

आतल्या भिंतींवर आपटून लाटा एकमेकींत मिसळतात आणि जागीच उभ्या राहतात. जिथे जोर जास्त तिथे पापड भाजतो. लगतच्या दोन ठिपक्यांमध्ये अर्धी तरंगलांबी. मापं ५.७ पासून ६.६ सेंटिमीटरपर्यंत आली, सरासरी ६.२. दुप्पट १२.४. ओव्हनच्या मागच्या पत्र्यावर २४५० मेगाहर्ट्झ छापलेलं होतं. गुणाकार: सेकंदाला ३०.४ कोटी मीटर. प्रकाशाचा वेग जवळजवळ ३० कोटी. पापडाने प्रकाशाचा वेग मोजला! मापं विखुरली यात नवल नाही, पेटीच्या आत लाटा तीन दिशांनी उभ्या असतात आणि ताटलीवर आपण त्यातला एकच काप पाहतो.

काच का फिरवतात हे कोणाला सांगावं लागलं नाही. मग मी दाराकडे बोट दाखवलं. दाराच्या काचेत पत्र्याची जाळी आहे, भोकं दीड-दोन मिलिमीटरची. आतला दिवा दिसतो, म्हणजे प्रकाश बाहेर येतो, पण मायक्रोवेव्ह येत नाही. १२ सेंटिमीटरच्या लाटेला ती भोकं भोकंच वाटत नाहीत, तिच्या लेखी तो सलग पत्रा. तिसरा रकाना आता मुलं स्वतःहून भरतात.

१४ जानेवारी

संक्रांत. अर्धा गट येवल्याला पतंगांसाठी. काम बंद.

१८ जानेवारी

एका विद्यार्थिनीने आजोबांचा जुना रेडिओ आणला. तबकडीवर मीटरचे आकडे. रेडिओवर निवेदक "मीटर्स अर्थात किलोहर्ट्झ" असं सांगत, ते आमच्या पिढीच्या कानात आहे. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७८.८ मीटर. कित्येक वर्षं घराघरांत रोज सकाळी तरंगलांबी मोठ्याने वाचली जात होती आणि ती लांबी आहे याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही चालून पाहिलं, ३७८ मीटर म्हणजे मैदानाला बऱ्याच फेऱ्या.

नाशिक आकाशवाणी एफएमवर १०१.४ मेगाहर्ट्झला. तरंग २.९६ मीटर. ट्रान्झिस्टरची दांडी पूर्ण बाहेर काढली की पाव तरंगाच्या जवळपास, पाऊण मीटर. मुंबईकडे जाताना कसारा घाटात शहराचं एफएम खरखरू लागतं, कारण तीन मीटरच्या लाटेला डोंगर फार मोठा. मध्यम लहरी, म्हणजे पुणे केंद्रासारख्या शेकडो मीटरच्या, जमिनीला धरून टेकड्यांवरून वळत जातात. उलट बोगद्यात मध्यम लहरी आधी मरतात, शेकडो मीटरच्या लाटेला बोगद्याचं तोंड म्हणजे ओव्हनच्या दाराचं भोक. हे वाक्य माझं नाही, ढोलवाल्या मुलाचं.

मागचं झाकण काढून गँग, म्हणजे केंद्र जुळवणारा भाग, दाखवली. बटण फिरवलं की अर्धगोल पत्रे एकमेकांत शिरतात आणि संच दुसऱ्या लांबीच्या लाटेला साथ देतो. दोन माणसांचं पटलं की आजी म्हणते तार जुळली, मुलं म्हणतात वेव्हलेंग्थ जुळली. तंबोरा असो की रेडिओ, काम दोन्हीकडे एकच: समोरच्याच्या कंपनाला आपलं कंपन मिळवून घ्यायचं.

२५ जानेवारी

प्रकाश. जुनी सीडी, लाल लेझर पॉइंटर, पांढरा पुठ्ठा. किरण फक्त पुठ्ठ्यावर, डोळ्यांच्या पातळीच्या खाली. सीडीवरच्या दोन रेघांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं. तिच्यावर लेझर सरळ मारला की मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना आणखी ठिपके पडतात. पुठ्ठा ५० सेंटिमीटरवर, ठिपका २२.४ वर. कोन काढून गुणलं तर ६५४ नॅनोमीटर. पॉइंटरवर ६५० छापलेलं.

याच पट्ट्यात बरंच काही लिहायचं होतं, थोडक्यात उरकलं. दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७००. द्राक्षाच्या पानातलं हरितद्रव्य निळा आणि लाल पट्टा खातं आणि मधला हिरवा परत टाकतं. करोनाचा विषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास, प्रकाशाच्या तरंगाहून कितीतरी लहान, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही. भिंगं कितीही चांगली घेतली तरी लाट त्याला वळसाच घालणार. अणू पाहायचे तर पट्टीच्या डाव्या टोकाला जावं लागतं: मिठाच्या स्फटिकात शेजारच्या दोन अणूंमध्ये ०.२८ नॅनोमीटर, तांब्याच्या क्ष-किरणाचा तरंग ०.१५४.

३ फेब्रुवारी

पट्टीवर एक किलोमीटर ते शंभर किलोमीटर हा भाग रिकामा होता. भूकंपाच्या लाटा घेतल्या. खडकातून सेकंदाला साडेतीन किलोमीटर जाणारी आडवी लाट, सेकंदाला एक कंप धरला तर साडेतीन किलोमीटर. पेठ-कळवणकडे हादरे बसले की बातमीत नाशकातल्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या भूकंपमापन केंद्राचं नाव येतं, त्यामुळे मुलांना विषय परका नाही. उजवीकडे गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठून प्रकाशाच्या वेगाने जाणारे तरंग: १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा टिपल्या गेल्या, १०० हर्ट्झला तीन हजार किलोमीटर. अशा लहरी टिपणारी एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहते आहे, तिचे हात चार-चार किलोमीटरचे.

१२ फेब्रुवारी

विज्ञान दिनाला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरच्या विज्ञान प्रदर्शनात पट्टी घेऊन जायचं नक्की झालं. मुलांना रामन परिणाम शिकवला आणि आनंद झाला, कारण २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध हा तरंगलांबी बदलण्याचाच शोध आहे. पाऱ्याच्या दिव्याची ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा बेंझिनमध्ये सोडली की विखुरलेल्या प्रकाशात तिच्या शेजारी सुमारे ४५५.५ ची फिकी रेषा उमटते. रेणू आपल्या कंपनापुरती ऊर्जा काढून घेतो आणि प्रकाशाची लाट तेवढी लांबते. काही आठवड्यांमागे "तरंगलांबी" ऐकून गप्प बसणारा वर्ग आज रेषा किती सरकली त्यावर वाद घालत होता.

२८ फेब्रुवारी, खोडद

पुणे रस्त्याने नारायणगावहून आत. दुरूनच पांढऱ्या तबकड्या दिसायला लागतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, नावातच लाटेची लांबी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ साधारण एक किलोमीटरच्या चौकात आणि बाकीच्या १६ तीन हातांवर, सगळ्यात दूरच्या दोघींमध्ये २५ किलोमीटर. परिसरात मोबाइल बंद, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे खिशातला मोबाइल म्हणजे गोंगाट. त्यामुळे ढोल-ताशाचे आलेख आम्ही छापूनच नेले होते.

तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर आरपार आकाश दिसतं. तबकडी जाळीची आहे, बारीक तारांची, भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना. सलग पत्रा लावला असता तर वजन आणि वाऱ्याचा जोर दोन्ही पेलायला अवाढव्य खर्च आला असता. पाहायच्या लाटा वीस सेंटिमीटरपासून अडीच मीटरपर्यंतच्या, त्यांच्यासाठी ही जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा.

आमच्या पट्टीपुढे एक कांदा उत्पादक शेतकरी बराच वेळ थांबले. त्यांनी मुलीला विचारलं, "ताई, जाळीतून वारा जातो, पाऊस पडतो, ऊनही खाली येतं. मग रेडिओची लहर तेवढी कशी अडते?" तिने त्यांना पापड दाखवला. मग ओव्हनच्या दाराचा फोटो, मग ढोल आणि ताशा. ते म्हणाले, "म्हणजे भोक लहान की मोठं, ते लाटेनं ठरवायचं." एवढं नेमकं मलाही वर्गात सांगता आलं नव्हतं. ते वाक्य पट्टीवर निळ्या शाईत लिहून घेतलं.

मुलांना सगळ्यात आवडला तो शेवटचा हिशेब. डोळ्याची बाहुली तीन मिलिमीटर, हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर, म्हणजे बाहुली तरंगाच्या सुमारे साडेपाच हजार पट. आकाशातल्या हायड्रोजनची रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची. त्या लहरीने आकाश पाहायचं आणि नुसत्या डोळ्याएवढं स्पष्ट दिसायचं, तर बाहुली हवी सुमारे ११५० मीटरची. एवढी तबकडी कोण बांधणार? म्हणून तीस तबकड्या दूरदूर पसरून त्यांच्या नोंदी जोडायच्या, की २५ किलोमीटरचा डोळा तयार होतो. परतताना बसमध्ये हाच विषय चालू होता.

४ मार्च

पट्टी पुन्हा व्हरांड्यात लावली, बसमध्ये फाटलेली कड चिकटवली. आठवीच्या मुलांना समजावून सांगायचं काम वाटून दिलं.

एक मोजणी राहिली आहे, ती रंगपंचमीला. जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगपंचमीला रंगीत पाण्याने भरणाऱ्या जमिनीतल्या हौदात, धप्पा मारला, उडी टाकली की पाणी या काठावरून त्या काठावर हेलकावतं. ती भिंतींमधे कोंडलेली लाट आहे, सगळ्यात मोठा हेलकावा रहाडीच्या लांबीच्या दुप्पट लाटेचा. काठावरून काळ मोजायचा आणि हिशेबाशी ताडायचा. इथे पाणी उथळ धरायचं की खोल, हे मुलांनी आधी ठरवायचं आहे. तिवंधा चौकातल्या रहाडीच्या जाणत्यांना लांबी-रुंदी आणि खोली विचारायची, पिंप टाकून रंग कालवण्याच्या आधीच, कारण नंतर तिथे उभं राहायलाही जागा मिळत नाही.